फी भरली, आता ‘छान’ म्हणा

‘लेखक व्हा! अवघ्या दोन दिवसांत! (चहा, नाश्ता व दुपारच्या जेवणासह.)’

अशी जाहिरात दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून येऊन आदळते. तिच्यातला पडताळून पाहता येईल असा दावा एकच, आणि तो कंसात आहे.

जाहिरातीवर मार्गदर्शकांचा फोटो असतो. हनुवटीखाली मूठ, मागे पुस्तकांचं कपाट, नजर आपल्या खांद्यापलीकडे कुठेतरी. नावाआधी ‘सुप्रसिद्ध’. नाव वाचूनही ओळख पटली नाही, तर आपलं वाचन कमी पडतंय असं समजायचं. खाली फी. तिच्यावर लाल फुली, शेजारी निम्मी फी, आणि ‘पहिल्या वीस जणांसाठीच’. हा विसावा माणूस फार सज्जन असावा. तो कधी येतच नाही. आदल्या रात्री अकरा वाजता नाव नोंदवलं तरी आपण पहिल्या विसांतच असतो.

कार्यशाळा दहाला सुरू होते, म्हणजे पावणेअकराला. दारात किट मिळतं: एक फाइल, एक वही आणि प्रायोजक पतसंस्थेचं नाव छापलेलं बॉलपेन. मग दीपप्रज्वलन. पंखे बंद केले जातात, समईची वात भिजलेली नसते, एका मान्यवरांच्या हातची मेणबत्ती दुसऱ्या मान्यवरांच्या झब्ब्याच्या बाहीकडे झुकते, फोटोग्राफर ‘सर, इकडे’ म्हणतो. त्यानंतर प्रास्ताविक, त्यानंतर पाहुण्यांचा परिचय. हा परिचय पाहुण्यांनीच लिहून दिलेला असतो. अख्ख्या दिवसात सगळ्यात काळजीपूर्वक लिहिलेला आणि पुन्हापुन्हा तपासलेला मजकूर तोच. मग शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक. पुस्तक बहुतेकदा पाहुण्यांचंच असतं. खप असाही होतो.

पाहुणे बोलतात. लेखन ही साधना आहे, लेखन हे व्रत आहे, आपण समाजाचं देणं लागतो हे लेखकाने विसरू नये. तीनेक शेर, एक अभंग. घड्याळात बारा चाळीस. जेवण एकला. मधली वीस मिनिटं उरतात, ती लेखनाला.

‘डोळे मिटा,’ मार्गदर्शक सांगतात. ‘पाऊस आठवा. मातीचा वास आठवा. आता लिहा.’

पाऊसच. विषय दुसरा निघत नाही. मराठी साहित्यात जेवढा पाऊस पडतो, तेवढा मराठवाड्यात पडला असता तर टँकरवाले देशोधडीला लागले असते.

सभागृहात असतं कोण? पुढच्या रांगेत बँकेतून निवृत्त झालेले अधिकारी. त्यांचं आत्मचरित्र तीन खंडांत तयार आहे आणि त्यांना फक्त प्रकाशकाचा फोन नंबर हवा आहे. त्यांच्यामागे इंजिनिअरिंगचा एक मुलगा. त्याला सह्याद्रीतले ड्रॅगन लिहायचे आहेत, आणि तो इथे चुकून आलाय हे त्याला अकरा वाजताच कळलेलं आहे. दोन प्राध्यापक. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये बढतीला गुण जोडले, तेव्हापासून प्राध्यापक मंडळी प्रमाणपत्रावर नजर ठेवून कार्यशाळेला बसू लागली. ते लिहीत नाहीत, हजेरीपट कधी फिरणार हे पाहतात. बाकी मग आपण सगळे. घरी कुणी ऐकून घेत नाही म्हणून आलेले. यात हसण्यासारखं काही नाही. निम्मं साहित्य त्याच कारणाने जन्माला आलं असावं.

वाचन सुरू होतं. ‘ही कविता मला सुचली तेव्हा मी खंडाळ्याच्या घाटात होतो. गाडी बंद पडली होती. मिसेस म्हणाल्या...’ कविता आठ ओळींची, प्रस्तावना सात मिनिटांची. टाळ्या. ‘छान!’ मार्गदर्शक म्हणतात. पुढचे. छान. त्यापुढचे. ‘वा, छान! भावना पोचल्या.’

अशा एका दुपारी मागच्या रांगेतल्या बाई उठल्या. त्यांनी पाऊस लिहिला नव्हता. त्यांनी रेशनचं दुकान लिहिलं होतं. आईला घेऊन त्या धान्य आणायला गेल्या. दुकानदाराने मशीन पुढे केलं, आईने अंगठा लावला. उमटेना. मशीनला दुसरं बोट, तिसरं, मग दुसरा हात. आयुष्यभर राखेने भांडी घासलेली बोटं, रेषा राहिल्या होत्या कुठे. मागच्या लायनीतले लोक चुळबुळू लागले. दुकानदार म्हणाला, ‘आजी, उद्या या.’ आई म्हणाली, ‘उद्या कुठून आणू नवी बोटं?’

इथे सभागृहात कुणीतरी खुर्चीत नीट बसल्याचा आवाज झाला. पण बाई थांबल्या नाहीत. पुढे चार ओळी होत्या: ही व्यवस्था किती निष्ठुर आहे, गरिबाला कुणी वाली नाही, माणुसकी कुठे हरवली, आपण विचार करायला हवा. ‘नवी बोटं’नंतर जे काही होतं ते सगळं आधीच्या आजीवर टाकलेलं पांघरूण होतं. पेन्सिल हातात असलेल्या कुठल्याही संपादकाने तिथे आडवी रेघ मारली असती आणि समासात लिहिलं असतं, ‘इथे संपवा.’ दोन शब्द. बाईंना दोन दिवसांचं सार त्या दोन शब्दांत मिळालं असतं, आणि बाकीच्या तीस जणांनाही.

मार्गदर्शक म्हणाले, ‘छान! भावना पोचल्या.’ मग जेवण.

खंडाळ्याच्या घाटाला जे ‘छान’, तेच रेशनच्या दुकानाला. सगळ्यात जास्त फसवणूक कुणाची झाली असेल तर त्या बाईंची. वाईट लिहिणाऱ्याला ‘छान’ म्हटल्याने त्याचं फारसं नुकसान होत नाही, तो सुखाने घरी जातो. बरं लिहिणाऱ्याला नुसतं ‘छान’ म्हटलं की तो तिथेच राहतो.

मार्गदर्शकांना मी दोष देत नाही. समोरच्याने पैसे मोजलेत. पैसे मोजलेल्या माणसाला ‘जमलं नाही’ कसं म्हणायचं? तो पुढच्या बॅचला येणार नाही, वर चार जणांना सांगेल. कार्यशाळेची सगळी गोम इथे आहे. जिथे नकार देणाऱ्याचं पोट होकारावर चालतं, तिथे नकार संभवत नाही. आणि नकाराशिवाय लेखन शिकवण्याची पद्धत अजून निघालेली नाही.

आपल्याकडे नकाराची व्यवस्था होती, आणि चांगली भरभक्कम होती. गिरगावातल्या खटाववाडीत ‘मौज’चं कार्यालय होतं. तिथून ‘सत्यकथा’ मासिक निघायचं. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन तिथे कथा वाचत बसायचे. फी शून्य. किट म्हणजे आपला आपण आणलेला कागद. प्रवेशाची अट एकच: सोबत आपलं नाव-पत्ता लिहिलेलं, पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट जोडायचं. म्हणजे आपल्याच नकाराचा टपालखर्च आपणच आगाऊ भरायचा. इतकी प्रामाणिक जाहिरात त्यानंतर साहित्यव्यवहारात झाली नाही.

बहुतेकांची पाकिटं ‘साभार परत’ येत. पण काहींच्या पाकिटात एक पत्र असे. कथा कुठे रेंगाळली, कुठलं पात्र उगाच आलं, शेवट कसा लादलेला वाटतो. लेखक चिडायचा, चार दिवस पत्राला शिव्या द्यायचा, पाचव्या दिवशी कथा काढून बसायचा. दोन-तीन वेळा लिहून घेतलेल्या कथांच्या हकिकती त्या पिढीच्या लेखकांनीच सांगून ठेवल्या आहेत. पटवर्धन स्वतः ‘पाडस’सारखा अनुवाद करणारे गृहस्थ. वाक्य कुठे लचकतं हे कळायला त्यांना ‘लेखन ही साधना’ असं म्हणावं लागत नव्हतं.

आता लगेच ‘गेले ते दिवस’ म्हणून सुस्कारे टाकू नका. त्या वाडीची हवा सगळ्यांना मानवत होती असंही नाही. कुठल्या अनुभवाला साहित्य म्हणायचं हे दोन-चार माणसांनी ठरवायचं, आणि त्या दोन-चार माणसांनी झोपडपट्टी किती पाहिलेली, हा प्रश्न रास्त होता. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथे’च्या अंकाची होळी केली. ज्यांना दार उघडलं नाही किंवा जे दार वाजवायलाच तयार नव्हते, त्यांनी सायक्लोस्टाइल करून स्वतःची अनियतकालिकं काढली. म्हणजे बघा, त्या एका नकारातून दोन गोष्टी निघाल्या: सुधारलेल्या कथा आणि संतापलेली अनियतकालिकं. दोन्हींनी मराठीचं भलंच केलं. ‘छान’मधून आजवर काय निघालं? अजून एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

‘पण सर, आयोवा?’ असं एखादा हुशार आयोजक विचारतो. बरोबर आहे, आयोवा आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखकांची कार्यशाळा चालते आणि जगभरच्या कार्यशाळा तिच्याकडे बोट दाखवून फी घेतात. पण तिथल्या पद्धतीतली एक गोष्ट आपल्याकडे कुणी आणलेली नाही. तिथे तुमचा मजकूर आधी सगळ्यांना वाचायला दिला जातो, मग वर्ग त्यावर बोलतो, आणि लेखकाने तेवढा वेळ तोंड मिटून बसायचं. घाटात गाडी बंद पडली होती हे सांगायचं नाही. मिसेस काय म्हणाल्या हे सांगायचं नाही. जे आहे ते कागदावर दिसलं तर दिसलं. मराठी लेखकाला आपल्याच कवितेवर तासभर गप्प बसवणं, हे विद्यापीठाला काय, शासनालाही जमेल असं वाटत नाही.

दिलीप चित्रे आयोवाला गेले होते, हाही दाखला दिला जातो. गेले होते, १९७५ मध्ये. पण ज्या कार्यक्रमाला गेले तो वेगळा, १९६७ पासूनचा. देशोदेशींचे लिहिते लेखक तिथे राहायला बोलावतात. चित्र्यांचा ‘कविता’ हा संग्रह त्याच्या पंधरा वर्षं आधीचा, १९६०चा. त्यांना डोळे मिटून पाऊस आठवायला कुणी सांगितला नसावा.

असो. दुसरा दिवस.

दुसऱ्या दिवशी सभागृह जास्त भरलेलं असतं, कारण आज ‘प्रकाशन’ आहे. लिहायचं कसं हे ऐकायला तीस माणसं, छापायचं कसं हे ऐकायला साठ. मंचावर आता प्रकाशक. गोड बोलतात. त्यांच्याकडे तीन पॅकेजेस असतात, आणि तिन्हींना धातूंची नावं. चांदीत पुस्तक, सोन्यात पुस्तक आणि प्रकाशन समारंभ, प्लॅटिनममध्ये प्रस्तावनाही. प्रस्तावना पुस्तक न वाचता लिहिली जाते. ती तशी लिहिली असल्याचं वाचल्यावर कळतं, पण वाचतो कोण.

पॅकेजच्या यादीत ‘आयएसबीएन क्रमांक’ अशी एक ठसठशीत ओळ असते. ९७८ने सुरू होणारा तेरा आकडी नंबर. तो ऐकल्यावर प्राध्यापक पहिल्यांदा वहीत काहीतरी लिहितात. तर सांगायचं हे की भारतात हा नंबर राजा राममोहन राय यांच्या नावाने चालणारी सरकारी संस्था देते आणि फुकट देते. लेखकाने स्वतः मागितला तरी देते. पुस्तक चांगलं आहे की वाईट याच्याशी त्याचा संबंध रिक्षाच्या नंबरप्लेटचा रिक्षावाल्याच्या स्वभावाशी असतो तेवढाच. ‘कॉपीराइट नोंदणी’ ही दुसरी ओळ. कायद्याने कॉपीराइट लिहिल्या क्षणीच तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. ‘ई-बुक’ ही तिसरी. किंडलवर मराठी पुस्तक आपलं आपण चढवता येतं, त्याला प्रवेशमूल्य नाही. तीन फुकट गोष्टी, आणि त्यांची मिळून किंमत विचारा. नका विचारू, आत्मचरित्राचे तीन खंड आहेत.

प्रती छापायच्या किती? पूर्वी मराठी पुस्तकाची आवृत्ती म्हणजे अकराशे प्रती हा सरळ हिशेब असे. आता तीनशे म्हटलं तरी प्रकाशक ‘धाडस करताय’ अशा नजरेने पाहतात. तीनशेतल्या पन्नास प्रती समारंभात वाटायच्या, चाळीस अभिप्रायासाठी पाठवायच्या (‘साभार पोच’ येते, अभिप्राय येत नाही), आणि उरलेले गठ्ठे दिवाणात. वाचनालयांना द्याव्यात म्हटलं, तर १९६७च्या कायद्याखाली राज्यात दहा हजारांहून जास्त मान्यताप्राप्त सार्वजनिक वाचनालयं आहेत खरी. पण तिथे पुस्तकाबद्दल पहिला प्रश्न ‘सूट किती?’ हा असतो. दुसरा प्रश्न नसतो.

ज्यांना एवढं झेपत नाही त्यांच्यासाठी ‘प्रातिनिधिक संग्रह’. शंभर कवी, प्रत्येकाचं एक पान, प्रत्येकाने सहभागमूल्य भरायचं, प्रत्येकाला दोन प्रती आणि सन्मानचिन्ह. अर्थशास्त्राच्या दृष्टीने हे पुस्तक निर्दोष आहे, कारण त्याला वाचकाची गरजच लागत नाही. मग त्यालाच राज्यस्तरीय पुरस्कार. पुरस्कारालाही प्रवेशशुल्क असतं. इथेही कुणी नापास होत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

राज्याचं साहित्य संस्कृती मंडळ १९६०पासून आहे आणि पहिलं पुस्तक लिहिणाऱ्यांसाठी त्याची नवलेखक अनुदान योजना आहे. हस्तलिखित द्यायचं, ते जाणकार वाचतात, पसंत पडलं तर छापायला अनुदान मिळतं. कार्यशाळेत ही योजना क्वचितच ऐकू येते. तिच्यात एक परीक्षक असतो आणि तो नाही म्हणू शकतो.

आता ‘एकवीस दिवसांत कादंबरी’ ही नवी टूम. रोज रात्री ऑनलाइन यायचं, रोज हजार शब्द, एकविसाव्या दिवशी कादंबरी. इथे हमखास नेमाड्यांचं नाव निघतं. ‘कोसला’ पंधरवडाभरात लिहिली, मग तुम्हाला एकवीस दिवस का पुरू नयेत? लिहिली खरी, गावी सांगवीला बसून, पंचविसाव्या वर्षी. प्रकाशक देशमुखांनी ती त्याच साली, १९६३ मध्ये छापलीसुद्धा. फक्त त्या पंधरवड्याआधीची पुण्यातली वर्षं, वाचलेलं, फेकलेलं, मेसचं जेवण आणि वाया गेलेल्या दुपारी हे सगळं अभ्यासक्रमात कसं बसवायचं याचा विचार आयोजकांनी केलेला नाही. ते बसवलं तर फी फार होईल.

कार्यशाळेत शिकवण्यासारखं काही नाहीच, असं माझं म्हणणं नाही. करार कसा वाचायचा हे एक तास शिकवा, मी पहिल्या रांगेत बसेन. मराठी लेखक करार वाचत नाही. त्याला तो अपमान वाटतो, प्रकाशकाचाही आणि स्वतःचाही. ‘आमचे घरचे संबंध आहेत’ म्हणतो आणि पाच वर्षांनी त्याच घराला शिव्या देतो. त्याला कुणी सांगावं की कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो, तोंडी काही होत नाही. मुदत लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं धरतो. म्हणून ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांसाठी, कायमस्वरूपी’ ही ओळ दिसली की पेन खाली ठेवायचं. ऑडिओबुकचं काय? वेबसीरिजवाल्यांनी कथा मागितली तर पैसे कुणाचे? मानधन छापील किमतीच्या दहा टक्के म्हणजे छापलेल्या प्रतींवर की विकलेल्या, आणि विकलेल्या मोजणार कोण? लेखक गेल्यानंतरही साठ वर्षं हा हक्क वारसांकडे राहतो. नातवंडं भांडतील ती या कागदावरून. पण हे सत्र ठेवायचं तर पॅकेजवाले प्रकाशक मंचावरून उतरवावे लागतील, आणि जेवणाचे प्रायोजक तेच असतात.

एका आयोजकाला मी योजना सुचवून पाहिली. ‘साभार परत कार्यशाळा’ म्हणायचं. दीपप्रज्वलन नाही, परिचय नाही. दहा जण, प्रत्येकाची पाचच पानं, आठवडाभर आधी पाठवायची. सोबत पाकीट. एक खाष्ट संपादक शोधायचा, अजून असतील दोन-चार कुठेतरी निवृत्त होऊन बसलेले. त्यांचं मानधन संस्थेने द्यायचं, येणाऱ्यांकडून एक रुपया घ्यायचा नाही, म्हणजे त्यांना भीड पडणार नाही. ते रेघा मारतील, लेखकाने गप्प बसायचं. नऊ जणांना पानं परत, दहाव्याला ‘पुन्हा लिहा’. प्रमाणपत्र कुणालाच नाही.

आयोजकाने शांतपणे ऐकून घेतलं. मग वही काढली.

‘कल्पना छान आहे, सर,’ तो म्हणाला. ‘फक्त संपादकांना म्हणावं, शेवटी सगळ्यांना थोडं प्रोत्साहन द्या. आणि प्रमाणपत्र ठेवू या. छापून पडलीत.’